बेटी पेज : शिलाईही तिचीच

१९५० च्या दशकात बिकिनीतल्या फोटोंसाठी गाजलेली अमेरिकन मॉडेल बेटी पेज हिची सगळी स्टाइल फोटोग्राफरांनी घडवली, ती नुसती समोर उभी राहिली, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. कपाळावर सरळ कापलेल्या केसांची कल्पना तिची नव्हती, हे खरं. १९५० मध्ये न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर भेटलेल्या जेरी टिब्ज या पोलिसाने (फोटोग्राफी हा त्याचा छंद) तिचं कपाळ मोठं दिसतं म्हणून ती सुचवली.

पण कपड्यांचं काय? तिच्या कितीतरी बिकिन्या तिने स्वतः शिवलेल्या. १९५४ मध्ये फ्लोरिडात बनी येगर या फोटोग्राफर बाईने चित्त्यांसोबत तिचे जे फोटो काढले, त्यातला बिबळ्याच्या ठिपक्यांचा पोशाखही तिच्याच हातचा. येगर स्वतः आधी मॉडेल होती, म्हणजे त्या फोटोंमागची नजरही बाईचीच! आज रॉकबिली (१९५० च्या दशकातलं संगीत आणि फॅशन जपणाऱ्या) पार्ट्यांमध्ये किंवा बर्लेस्क नर्तिका डिटा फॉन टीजच्या सजण्यात जे दिसतं, त्याची मुळं इथे आहेत.

१९५७ च्या सुमारास तिने मॉडेलिंग सोडलं आणि ती धर्माकडे वळली. पुढे मानसिक आजार, इस्पितळातली वर्षं. १९८० च्या दशकात कॉमिक्समधून तिची लाट पुन्हा आली, तेव्हा तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिच्या चेहऱ्यावर इतरांनी भरपूर कमावलं. तिच्या हाती पैसे आले ते खूप उशिरा, वकील लावल्यावर. 'स्टाइल कुणाची' यापेक्षा मला हा हिशेब जास्त खटकतो.