मदत हवी आहे: आयसोफिक्स (बाळाची सीट थेट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) नसलेल्या गाडीत बाळाची सीट हलते

मुलगी १४ महिन्यांची, वजन ९ किलो. गाडी २०१३ची हॅचबॅक, बदलणं शक्य नाही. सीट मागे तोंड करून, डाव्या बाजूला, गाडीच्याच तीन-पॉइंट बेल्टने बांधतो. हा बेल्ट झटका बसला तरच लॉक होतो, एरवी सैल पडतो. गुडघ्याने दाबून बेल्ट ओढला, मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून पाहिला. तरी सीट दोनेक इंच सरकते. एक इंचाच्या आत हवी. दुकानदार म्हणतो, 'एवढं चालतं'. मला नाही पटत.

पुढे एअरबॅग आहे, म्हणून तिथे नाहीच. मधे फक्त कमरेचा पट्टा. कृपया 'मांडीवर घ्या' सुचवू नका, धडकेत बाळ हातात राहत नाही.

बेल्ट आवळून धरणारा लॉक सीटमध्येच असलेलं मॉडेल कुणी वापरतंय का? आणि विकत घेण्याआधी आपल्या गाडीत बसवून बघू देणारं दुकान पुण्यात कुठे आहे?