मदत हवी आहे : ११ केव्हीची तार दुपारी दीड फूट खाली येते, लोड कमी करावा का?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतीपंपांना वीज देणाऱ्या ११ केव्ही फीडरवर (लाइनवर) काम करतो. तार एसीएसआर रॅबिट, म्हणजे पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमची तार. गावच्या रस्त्यावरून जाणारा ६० मीटरचा एक स्पॅन (दोन पोलांमधलं अंतर) आहे. जमिनीवर ठेवून तारेची उंची सांगणारं अल्ट्रासोनिक यंत्र आणलं आणि परवा मोजलं. पहाटे ६.४० मीटर, दुपारी तीनला ५.९५. तार रस्ता ओलांडते तिथे ६.१ मीटर तरी उंची हवी. खालून कडब्याने भरलेल्या ट्रॉल्या जातात, वर माणूस बसलेला असतो. तेव्हापासून झोप लागत नाही.

दुपारचा लोड १५० अँपिअर. तक्त्यात रॅबिटची क्षमता हवा ४० अंशांवर असताना २०८ अँपिअर आणि ४५ वर १९३, तार ७५ अंशांपर्यंत तापेल असं धरून. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून हिशोब केला: १५० भागिले १९३, त्याचा वर्ग ०.६. म्हणजे ४५ ते ७५ या ३० अंशांपैकी १८ अंशच वाढ, तार ६३ वर. मर्यादेच्या आत असूनही इतका झोल (तारेचं खाली लोंबणं) कसा? हिशोब चुकतोय का?

उत्तर :

भाऊ, हिशोबात दोन गोष्टी राहिल्या. उन्हाने तार तापते ती लोड कमी केला म्हणून कमी होत नाही. आणि तक्त्यातला आकडा साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद वारा धरून काढलेला असतो. मे महिन्यात वारा पडला की तार ६३ च्या वरच जाते.

पण ६३ धरले तरी दीड फूट बरोबर आहे. पहाटेच्या २५ वरून ३८ अंश वाढ, तेवढ्यात ६० मीटर तार चारेक सेंटिमीटर लांबते. लांबी सेंटिमीटरने वाढते, झोल मात्र त्याच्या दहापट उतरतो. ७५ अंश ही तारेची मर्यादा आहे, रस्त्यावरच्या उंचीची नव्हे. उंची सर्वांत जास्त झोल धरूनच मोजायची असते.

लोड कमी करून भागणार नाही. तार नुसती ओढूही नका. मे महिन्यात ताणलेली तार डिसेंबरच्या थंडीत पोल आणि स्टेवर (पोलाला आधार देणाऱ्या तारेवर) जास्त ताण देते. परमिट (लाइन बंद करून काम करण्याची परवानगी) घेऊन मध्ये एक पोल उभा करा. तोवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हाइट गेज (उंच वाहन अडवणारी आडवी कमान) लावा आणि ट्रॉलीवर कुणी बसू नये हे आजच गावात सांगा.