नाकातला फवारा आणि ॲलर्जी : आपापले अनुभव लिहावेत

पाऊस सरून सड्यावरचे गवत फुलोऱ्यावर आले आणि भाताची झोडणी सुरू झाली की किनारपट्टीवरील अनेक घरांत पहाटेच्या शिंका सुरू होतात. नाकात मारायचा फवारा वापरताना काय चुकले आणि काय साधले, ते येथे लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

रत्नागिरी : मी दुकानातून चिठ्ठीशिवाय झायलोमेटाझोलिनचा फवारा आणला. काही मिनिटांत नाक मोकळे झाल्यामुळे तो उशाशीच राहिला आणि तीन दिवसांचे तीन आठवडे कधी झाले ते कळले नाही. पुढे औषधाचा अंमल उतरला की नाक पूर्वीपेक्षा घट्ट बंद होऊ लागले आणि ते उघडण्यासाठी पुन्हा तोच फवारा घ्यावा लागे. हे औषध सुजलेल्या रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसवते, मूळ ॲलर्जी तशीच राहते आणि सतत वापरल्यास आतले अस्तर उलट अधिक फुगते, म्हणून ते तीन, फार तर पाच दिवसच घ्यावे, असे डॉक्टरांनी समजावले. त्यांनी ते बंद करून फ्लुटिकासोन हा सूज उतरवणारा स्टेरॉइडचा फवारा सुरू केला. पहिला आठवडा मी उशा रचून अर्धवट बसूनच झोपलो.

मालवण : मी उलट चूक केली. मोमेटासोन या अशाच स्टेरॉइडचा फवारा दोन दिवस मारला, गुण आला नाही म्हणून टाकून दिला. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास एक-दोन आठवडे लागतात आणि ते रोज घ्यावे लागते, हे नंतर कळले. माझा त्रास नवरात्रात वाढतो, म्हणून आता डॉक्टरांच्या सल्ल्याने गणपती आटोपताच सुरुवात करते. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने सासूबाई धास्तावल्या होत्या. मात्रा अल्प असून औषध मुख्यतः नाकातच काम करते, हे ऐकल्यावर त्या निवळल्या. मुलांना मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

दापोली : माझ्या नाकातून रक्त येत असे, कारण फवाऱ्याची तोटी मी मधल्या पडद्यावर रोखत होतो. आता बाटली हलवून, मान किंचित पुढे झुकवून, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, तोटी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवून मारतो आणि श्वास हलकेच घेतो. जोराने ओढल्यास औषध घशात जाते, आणि मग ते नाकासाठी घेतले काय नि न घेतले काय.

वेंगुर्ले : फवाऱ्याआधी मी मिठाच्या पाण्याने नाक धुते. विहिरीचे पाणी कितीही नितळ असले तरी ते उकळून गार केल्याशिवाय नाकात घालू नये. न उकळलेल्या पाण्यातील अमीबाचा संसर्ग दुर्मीळ असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो.

अलिबाग : मला रक्तदाब आहे. नाक झटपट उघडणारा फवारा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हे मला बाटलीवरील बारीक अक्षरांतून, तेही चष्मा बदलल्यावर समजले.