ग्वाल्हेर: थंडीची सुट्टी, सासूबाईंचे गुडघे आणि डबा. ओरछा की चंबळ?

गणितवाल्या बाई (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी शाळेला सुट्टी आहे. म्हणजे कागदावर. अर्धवार्षिकचे नववीचे गठ्ठे घरी येऊन पडलेत आणि ५ तारखेला मार्क भरून द्यायचेत. त्याआधीच्या आठवड्यात रात्री साडेनऊला ग्रुपवर आदेश आला होता: थंडीमुळे आठवीपर्यंतच्या मुलांना उद्या सुट्टी, शिक्षकांनी मात्र वेळेवर हजर राहावे. थंडी आठवीपर्यंतच वाजते, हे शाळेत इतकी वर्षं काढून कळलं.

सध्या दिनक्रम असा. सकाळी कोहरा (धुकं) इतका की समोरच्यांचं फाटक दिसत नाही. अकराच्या सुमारास गच्चीवर ऊन उतरतं, की मी सतरंजी, गठ्ठा आणि लाल पेन घेऊन वर. सासूबाई शेजारी मटार सोलत बसतात. गारठ्यानं पेनची शाई आखडते, तळहातांत घासून गरम केलं की दोन पेपर चालतं, मग पुन्हा नुसतं खरडतं. काल मटारातली एक हिरवी अळी कुणाच्या तरी पायथागोरसवरून चालत गेली. कर्ण सोडून सगळीकडे फिरली. पोरानंही तेच केलं होतं.

जेवणाचं म्हणाल तर थंडीत माझं मन लागतं ते स्वयंपाकघरातच, कारण गॅसजवळ ऊब असते. भाजीवाला बथुआ आणतो, त्याचा आमच्याकडे ताकातला चाकवत होतो, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून, वरून लसणाची फोडणी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बाजरी इकडचीच, भिंड-मुरैन्याची, पीठ ताजं असेल तर कडू लागत नाही.

आता मुद्दा. पुण्याला माहेरी जायचं तर जवळजवळ अख्खा दिवस गाडीत, आणि धुक्यानं ती आणखी किती लांबेल याचा नेम नाही. म्हणून यंदा जवळच. ह्यांना बँकेतून शुक्रवार-शनिवार म्हणजे २ आणि ३ तारीख मिळतेय. लेक आठवीत आहे, त्याला चंबळ नदीतले घडियाल बघायचेत, दुसरं काही नको. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांना ओरछ्याच्या रामराजाचं दर्शन हवंय, पण गुडघे जिना म्हटला की संपावर जातात. ओरछा करावं की चंबळ? गाडीनं जावं की रेल्वेनं?

आणि डबा. सासूबाई बाहेरचं खात नाहीत. (कचोरी सोडून. ती म्हणे बाहेरच्यात धरत नाहीत.) पण या गारठ्यात नेलेलं काही धड राहत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या वातड होतात, पराठ्यावर तूप पांढरं गोठून बसतं, डिंकाचा लाडू त्यांच्या दातांना फुटत नाही. मऊ राहील असं काय न्यावं?

निवृत्त मास्तर (दौलतगंज)

ताई, आधी प्रवासाचं सांगतो. थंडीत ग्वाल्हेरहून झाशीकडे रेल्वेनं जायचं तर तुम्ही ज्या गाड्यांवर विसंबता त्या बहुतेक दिल्लीकडून येतात. त्या मथुरा-आग्र्याच्या धुक्यातूनच रखडत येणार. वेळापत्रकात झाशी दीड तासावर आहे, फलाटावर मात्र तीन तासही बसाल. सासूबाईंना त्या सिमेंटच्या बाकावर बसवू नका.

मोटारीनं जा. झाशी साधारण १०० किलोमीटर, रस्ता चौपदरी. फक्त पहाटे निघायचा उत्साह दाखवू नका. उन्हाळ्यात लवकर निघणं शहाणपणाचं, जानेवारीत उलट. नऊ-साडेनऊपर्यंत घरी चहा घ्या, कोहरा उचलला की निघा. ऊस भरलेल्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, त्या धुक्यात अंगावर आल्यावरच दिसतात. परतताना सुद्धा अंधाराच्या आत घरी.

वाटेत दतिया लागतं, पाऊणशे किलोमीटरवर. तिथलं देवीचं स्थान, पीतांबरा पीठ, रस्त्यापासून फार आत नाही. पण ते जाताना शुक्रवारीच उरका. येताना शनिवार पडतो, आणि शनिवारी तिथं धूमावती देवीच्या दर्शनाची रांग असते. सुवासिनींनी ते दर्शन घेऊ नये अशी रीत आहे, म्हणजे तुम्ही बाहेर चपला सांभाळत उभ्या. नैवेद्य मात्र तिखटाचा असतो, कचोरी, मंगोडे (मूगडाळीची भजी) वगैरे. सासूबाईंचं बाहेरच्याबद्दलचं शास्त्र तिथं चालून जाईल.

दतियाचा वीरसिंह देवाचा सातमजली महाल खालूनच बघा. वास्तू अप्रतिम, पण सगळा जिन्यांचा कारभार.

झाशीची सून

मास्तरकाकांना पूर्ण अनुमोदन, विशेषतः शनिवारच्या बाबतीत.

ओरछ्याचं मी सांगते, आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा मलाच घेऊन जावा लागतो. १ जानेवारीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, २ तारखेलाही गर्दी असेल पण सोसण्यासारखी. रामराजाचं मंदिर म्हणजे मुळात राणीचा महाल. राणी गणेशकुंवरीनं अयोध्येहून मूर्ती आणली, तिच्यासाठी शेजारी एवढं मोठं चतुर्भुज मंदिर बांधलं, पण देव जिथं पहिल्यांदा टेकला तिथून हलला नाही, अशी कथा. गुडघ्यांच्या दृष्टीनं देवानं फार चांगलं केलं, कारण चतुर्भुजाच्या पायऱ्या उभ्या आहेत आणि रामराजाकडे जवळजवळ सपाट चौकातून जाता येतं. इथं राम राजा म्हणून बसलाय, त्याला पोलीस सलामी देतात. तुमच्या लेकाला घडियाल नाही तरी बंदूकधारी शिपाई बघायला मिळेल. विडा आणि अत्तराचा फाया प्रसादात मिळतो, सासूबाई खूश होतील.

देऊळ दुपारी बंद असतं आणि थंडीत दर्शनाच्या वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या. बहुतेक लोक दुपारी दोनला पोचतात आणि बंद दारासमोर फोटो काढतात.

दुपार कुठं काढायची? बेतव्याच्या काठच्या छत्र्या. बुंदेल्यांच्या समाध्या आहेत, खाली बाग, भरपूर ऊन. डबा तिथंच सोडा. शिखरांवर गिधाडं बसलेली असतात, लेकासाठी दुर्बीण घ्या. जहांगीर महालात लेक आणि त्याचे बाबा जाऊ देत. तिथले जिने अरुंद, पायऱ्या गुडघाभर उंच, सासूबाईंना खालीच ठेवा.

मुक्काम ओरछ्यात न करता झाशीत केलात तर शनिवारी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याचं गणेश मंदिर बघा. १८४२ साली मणिकर्णिकेचं, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचं, गंगाधररावांशी लग्न लागलं ते इथं. लहानसं, शांत, आणि चढ नाही. आमच्या आजेसासूबाई तिथं गेल्या की आपल्याच घरचं कार्य असल्यासारख्या मांडवाची जागा दाखवायच्या.

पोळपाट-लाटणं (थाटीपूर)

प्रवासाचं झालं, आता पोटाचं. बाई, तुमचा सगळा घोळ तुपाचा आणि निवू देण्याचा आहे.

तूप इथल्या थंडीत घट्ट होणारच. म्हणून डब्याच्या पदार्थात मोहन शेंगदाणा तेलाचं घाला आणि पराठ्यालाही तेलच लावा. तूप वेगळ्या डबीत न्या, छत्रीच्या उन्हात ठेवलं की सुटतं. दुसरं, पुण्याकडे पोळ्या पूर्ण निववून भरतात, नाहीतर वाफेनं खराब होतात. ते तिकडच्या हवेत ठीक. इथं जानेवारीत उलट करायचं. तव्यावरून उतरली की लगेच जाड सुती फडक्यात, एकावर एक, आणि घट्ट झाकणाचा डबा. आतल्या वाफेनंच ती मऊ राहते. एका दिवसात या गारठ्यात काही आंबत नाही.

यावर सगळ्यात उत्तम म्हणजे दशम्या. कणीक निव्वळ कोमट दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, मीठ आणि दोन चमचे तेल. तासभर झाकून ठेवा, जरा जाडसर लाटा, मंद आचेवर भाजा. सोबत लसूण-शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि ओल्या हळदीचं लोणचं. ओली हळद आत्ता बाजारात आहे, आलं आणि लिंबू घालून आजच करा, शुक्रवारपर्यंत मुरेल.

गोडाला घाऱ्या. लाल भोपळा किसून थोड्या तेलावर वाफवा, त्यात गूळ विरघळवा, गार झालं की त्यात मावेल तेवढीच कणीक, मूठभर तांदळाची पिठी, वेलची, चिमूट मीठ. वरून पाणी घातलंत तर संपलं. थापून तळा. गुळामुळे आणि भोपळ्यामुळे या तीन दिवस मऊ राहतात, दात असो नसो.

डिंकाचा लाडू दाताला फुटत नाही कारण गुळाचा पाक पुढे जातो. पाक करूच नका. तुपात गूळ घालून फक्त विरघळला, कडेला फेस दिसला की गॅस बंद. मग तळून हातानं चुरलेला डिंक, खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, खसखस. खारीक पूड थोडी जास्त घातली की लाडू वळतोही आणि तोंडात सुटतोही. आणि गार डब्यातला लाडू म्हाताऱ्या माणसाला तसाच देऊ नये, चहाच्या कपावर पाच मिनिटं ठेवावा.

गणितवाल्या बाई

काका, ताई, सगळ्यांचे आभार. शुक्रवारी दतिया करून ओरछा, मुक्काम झाशीत, शनिवारी गणेश मंदिर आणि परत, असं ठरतंय. सासूबाईंना वाचून दाखवलं. अत्तराच्या फायाला माना डोलावल्या, पण १८४२ च्या लग्नाबद्दल त्यांना आधीच माहीत होतं, मलाच माहीत नसल्याबद्दल बोलणी बसली.

घाऱ्यांचं पटलं. मी गूळपोळ्या न्यायचं सुचवलं होतं, त्या तर गारच खायच्या असतात. पण संक्रांतीच्या आधी गूळपोळी आमच्या घरात तव्यावर चढत नाही. घाऱ्यांना असा काही नियम नाही म्हणे.

पण लेक रुसलाय. गिधाडांवर त्याची समजूत पटत नाही. रविवारी ४ तारखेला चंबळला अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल का? सासूबाई येणार नाहीत, त्या म्हणतात मला मगरी बघून काय करायचंय.

मुरैन्यात पोस्टिंग (मास्तरच)

मॅडम, येईल की. मगर नाही पण, घडियाल. लेकासमोर मगर म्हणू नका, पोरं फार चिडतात, मी वर्गात रोज ऐकतो. घडियालाचं तोंड लांब आणि निमुळतं, मासे खातो. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकाला मडक्यासारखा गोळा येतो, तोच घडा.

मुरैना ग्वाल्हेरहून ४० किलोमीटर. तिथून धौलपूरच्या वाटेवर चंबळचा पूल, त्याच्या जवळ राजघाटला बोटी मिळतात. लवकर येऊन काही उपयोग नाही. घडियाल थंड रक्ताचा प्राणी, स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. कोहरा असेतो पाण्यात, ऊन तापलं की वाळूवर येऊन पडतो. म्हणून हिवाळ्यातच तो इतका सहज दिसतो, आणि दिसतो तो अकरा ते तीनच्या मधे. त्या वेळात वाळूच्या दांड्यावर एकाला लागून एक पडलेले बघितलेत. काही आ वासून, हलत नाहीत, बोट जवळ गेली की सरळ पाण्यात सरकतात. लेकाला आधी सांगून ठेवा, ओरडलं की खेळ संपला. चक्रवाक आणि राजहंस हे थंडीचे पाहुणेही याच काठावर असतात.

येता-जाता मुरैन्याजवळ देवरीला घडियाल केंद्र आहे. नदीकाठची अंडी आणून उबवतात आणि पिलं काही वर्षं वाढवून नदीत सोडतात. हातभर लांबीची पिलं जवळून बघता येतात. सपाट आहे, सासूबाईही चालल्या असत्या.

बोटीत वारा फार लागतो. कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा हवाच. रविवारी गर्दी असते, तेव्हा साडेदहापर्यंत घाटावर या. आणि गजक (इकडची तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) परतताना घ्या, जाताना नको. नदीवरच्या दमट हवेत पुडा उघडा राहिला की ती नरम पडते, मग चघळत बसावी लागते. कुटलेली खस्ता मागा. दुकानदार आधी चाखायला देतो, लाजू नका.

निवृत्त मास्तर (दौलतगंज)

रविवारी संध्याकाळी परत, सोमवारी ५ तारीख. ताई, गठ्ठे?

गणितवाल्या बाई

काका, एक गठ्ठा झाशीला येतोय. ह्यांना बेरजा तपासायला लावणार आहे, बँकेतले आहेत.