मदत हवी आहे: कुत्र्यासकट नदीकाठची वाट, शनिवारच्या आत

पायमोडकी (बुधवार, सकाळी १०:०४)
शनिवारी आईबाबांना बाहेर न्यायचंय. नदी हवी, झाडी हवी, चारपाच किलोमीटर, कुत्रा चालला पाहिजे. मागच्या वेळी स्टाइलपाशी सगळा विचका झाला, परत ते नको. गूगलवर बघावं तर प्रत्येक वाट 'डॉग फ्रेंडली' आहे, त्या शब्दावरचा माझा विश्वास उडालाय. प्रत्यक्ष गेलेल्यांनीच सांगा, प्लीज. आज बुधवार उजाडलासुद्धा.

घाटवाट (१०:३१)
मुळशीच्या पुढे ताम्हिणीकडे जा. पण मे महिना आहे, ओढे कोरडे असतील. आणि अभयारण्याच्या हद्दीत कुत्रा नेऊ नका, आत सोडत नाहीत. त्यापेक्षा जुलैपर्यंत थांबा.

पायमोडकी (१०:३८)
अहो, आम्ही शेफील्डला आहोत! माझ्या आधीच्या धाग्यात लिहिलंय की.

चकवा (१०:५०)
आधीचा धागा कोण उकरणार ताई. आणि 'स्टाइलपाशी विचका' म्हणजे काय? कुत्र्याला पार्लरात नेलं होतं का?

गडग्यावरचा (११:१२)
इंग्लंडात शेताच्या भिंतीवरून माणसाला जाता यावं पण मेंढराला जाता येऊ नये म्हणून ज्या पायऱ्या किंवा फळ्या ठोकलेल्या असतात, त्याला स्टाइल म्हणतात. आमच्या कोकणात गडगा ओलांडायला दगड बाहेर काढून ठेवतात, तसंच. डर्बिशरमध्ये आणखी एक प्रकार आहे, दोन उभे दगड आणि मधे फट. माणूस आडवा होऊन निघतो. पोट सुटलेला माणूस अडकतो, हे स्वानुभवावरून.
आता प्रश्न: कुत्रा किती मोठा? उचलता येतो का?

कॅम्पवाला (११:२०)
कुत्रा हुंदडणारा असेल तर डव्हडेल! डव्ह नदी, थॉर्प क्लाउडचा डोंगर, पाण्यातून ओळीने मांडलेले दगड. आमचा स्पॅनिअल तिथे वेडा होतो. मोकळा सोडून द्या, स्वर्ग आहे.

नियमावली (११:४४)
मोकळा सोडून द्या??? मे महिना चालू आहे. खुल्या माळावर, म्हणजे कायद्यातल्या 'अॅक्सेस लँड'वर, १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीला बांधलेलाच हवा आणि दोरी दोन मीटरपेक्षा लांब नको. जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. गुरंमेंढरं जवळ असतील तर हा नियम बारा महिने. २००० सालच्या कायद्यात आहे हे.

कॅम्पवाला (११:५१)
ते माळासाठी. पायवाटेवर, म्हणजे 'पब्लिक फूटपाथ'वर, दोरीची सक्ती नाही, कुत्रा ताब्यात असला की झालं. अर्धा कायदा सांगू नका.

नियमावली (११:५८)
आणि तुमचा स्पॅनिअल पायवाटेवरच राहतो? पाटी वाचून?

चकवा (१२:०३)
:)

पायमोडकी (१:१५)
मीटिंगमधून आत्ता सुटले. कुत्रा उचलता येत नाही, ३१ किलोची आहे. मिरी निवृत्त ग्रेहाउंड आहे, शर्यतीतून आलेली. सोडायचा प्रश्नच नाही, खार दिसली की गेलीच. स्टाइलच्या फळीवर पुढचे पाय ठेवते, ते सरकतात, आणि मग थरथरत उभी राहते. मागच्या वेळी बाबांनी तिला मागून ढकलायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा गुडघा गेला. आम्ही तीन किलोमीटर मागे फिरलो. बाबा अजून तिच्याशी बोलत नाहीत.

गडग्यावरचा (१:२६)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! ग्रेहाउंड, ३१ किलो, बाबांचा गुडघा. म्हणजे तुम्हाला कुत्र्याला चालणारी वाट नकोच आहे, स्टाइल नसलेली वाट हवी आहे. दोन्हींत फार फरक आहे. काही ठिकाणी स्टाइलच्या बाजूला उचलायची फळी असते, कुत्रा खालून निघतो, पण ती सगळीकडे नसते. आणि असली तरी निम्म्या फळ्या पावसाने फुगून बसलेल्या.
आता एकच विचारतो. गाडी आहे?

पायमोडकी (१:३०)
नाही. ट्रेन किंवा बस.

गडग्यावरचा (१:३१)
(डोक्याला हात)

दुसरा चहा (१:४०)
वाय व्हॅली! टिंटर्न अॅबेचे अवशेष, ११३१ सालची सिस्टर्शियन साधूंची मठी, छप्पर नाही, खिडक्यांतून आकाश दिसतं. दोन्ही बाजूंना जंगल. आम्ही चार दिवस राहिलो होतो. नदीला भरती येते तिथे, पाणी चहासारखं तपकिरी होतं. फोटो टाकते रात्री.

नियमावली (१:५२)
ती वेल्सच्या सीमेवरची वाय नदी. डर्बिशरची वाय वेगळी. शेफील्डहून आईबाबांना घेऊन, गाडीशिवाय, एका दिवसात टिंटर्न? जरा नकाशा बघत जा.

दुसरा चहा (१:५५)
त्यांनी 'नदी आणि झाडी' एवढंच विचारलं होतं. मी सुंदर जागा सांगितली. लगेच अंगावर यायची गरज नव्हती.

सायकलस्वार (२:२०)
डर्बिशरच्या वायवरून सांगतो, मॉन्सल ट्रेल. १९६८ मध्ये बंद झालेली रेल्वेची वाट, साडेआठ मैल, सपाट, गुडघ्याला त्रास नाही. २०११ पासून बोगदेही खुले आहेत, आत दिवे असतात. मॉन्सल हेडला नदीवरचा जुना रेल्वेपूल म्हणजे डोळ्यांचं पारणं. शेफील्डहून बेकवेलला बस आहे.

गडग्यावरचा (२:३३)
सपाट आहे, स्टाइल नाही, कबूल. पण नदी खाली, आपण वर, आणि शनिवारी सायकलवाले घंटी न वाजवता मागून येतात. (तुम्ही वाजवत असाल.) बोगद्यात बिचकलेली ग्रेहाउंड आणि सायकल हे बरं नाही.
नदीच्या अगदी कडेने जायचं म्हणून कुणी 'ची डेल' (Chee Dale) नावाची दरी सुचवेल. नको. कड्याखाली पाण्यात मांडलेल्या दगडांवरून जावं लागतं, पाऊस पडला की ते बुडतात.

पानगळ (३:०५)
ट्रेनने ग्राइंडलफर्ड. शेफील्डहून पाव तास, मधे टॉटलीचा बोगदा, १८९३ चा, साडेतीन मैलांचा. स्टेशनाला लागूनच पॅडली गॉर्ज ही घळ. ओकची झाडं, शेवाळलेले दगड, मधून बरबेज ब्रुक हा ओढा खळाळत येतो. मे महिन्यात झाडाखाली रानलसूण फुललेला असतो, वास आधी येतो, फूल नंतर दिसतं.
पण खरं सांगायचं तर वाट चढाची, मुळांमुळांतून आहे. बाबांसाठी कठीण.

अन्नपूर्णेश्वर (३:११)
त्या पानांची चटणी अफाट होते. सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ, जाडसर कुटायची. लसूण सोलायची कटकटच नाही.

पानगळ (३:१८)
चटणी करा, पण मिरीला चरू देऊ नका. कांदालसणाच्या कुळातलं काहीही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतं.

झऱ्याकाठी (४:४०)
सगळे नदीनदी करताय म्हणून एक विनंती. मानेवर टाकायचं पिसवांचं औषध, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडवालं, नुकतंच लावलं असेल तर कुत्र्याला पाण्यात उतरवू नका. इंग्लंडच्या नद्यांत ही दोन्ही कीटकनाशकं सापडली आहेत. पाण्यातले किडे मरतात, मग माशांना आणि पक्ष्यांना खायला काय?

कॅम्पवाला (४:४८)
आणि गोचीड चावली की? तुमच्या किड्यांसाठी आमचा कुत्रा आजारी पाडायचा?

झऱ्याकाठी (४:५६)
गोळी मिळते. डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर काखेत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवा. गोचीड सापडली तर गोचीड काढायच्या आकड्याने फिरवून काढा, चिमटीत चिरडू नका.

पायमोडकी (५:१०)
मिरी पाण्यात पायसुद्धा घालत नाही. कोणीतरी वाट सांगा ना. आणि गायी आल्या तर काय करायचं तेही सांगा, आईला भीती वाटते.

नियमावली (५:२२)
गायी अंगावर आल्या तर दोरी सोडून द्यायची. हे 'कंट्रीसाइड कोड' या सरकारी सूचनांमध्येच आहे. गायींचा राग कुत्र्यावर असतो, कुत्रा पळून वाचतो, त्याला धरून ठेवणारा माणूस सापडतो. वासरं बरोबर असतील तर त्या शेतातून जाऊच नका, कडेने वळसा घ्या.

चकवा (५:३०)
ताशी ६० किलोमीटरच्या वर पळणारं कुत्रं सोडायचं म्हणजे ते थेट लीड्सलाच सापडेल.

रिव्हलीनकर (रात्री ९:१७)
शेफील्डमध्ये १४ वर्षं राहतेय, धागा वाचून हसू आवरेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावातल्या बसने एंडक्लिफ पार्कला उतरा. तिथून पोर्टर ब्रुकच्या काठाने व्हाइटली वुड्समधून फोर्ज डॅमपर्यंत जा. जाऊनयेऊन साधारण सहा किलोमीटर, कंटाळलात तर अर्ध्यातून फिरा. दुतर्फा झाडी, पाणी पूर्णवेळ बाजूला, स्टाइल मला एकही लागला नाही. वाटेत शेफर्ड व्हील आहे, पाणचक्कीवर चालणारा सुऱ्याकात्र्यांना धार लावायचा जुना कारखाना. बाबा इंजिनिअर असतील तर तिथेच रमतील. डॅमला तळं आहे, चहा मिळतो. गायी नाहीत.
फक्त पार्कात शनिवारी मोकळी सोडलेली कुत्री फार. सकाळी नऊच्या आत निघा.

पायमोडकी (९:२५)
एंडक्लिफ पार्क आमच्या घरापासून दोन स्टॉपवर आहे. मला 'बाहेर' न्यायचं होतं त्यांना...

रिव्हलीनकर (९:३१)
ग्राइंडलफर्डला गुडघा आणखी दुखावून मग बाहेर नेल्यासारखं वाटेल का?

पायमोडकी (शनिवार, सायंकाळी ६:४०)
गेलो. साडेआठला निघालो. स्टाइल खरंच नाहीत. वाटेत एक लाकडी पूल लागला, त्याच्या फटींतून खाली पाणी दिसत होतं, तिथे मिरी बसून राहिली. पाच मिनिटं. शेवटी बाबाच पुढे गेले, पलीकडे उभं राहून त्यांनी खिशातलं बिस्कीट दाखवलं, तेव्हा आली. येताना मात्र आपणहून चढली, बाबा पुढे होते म्हणून.
शेफर्ड व्हीलपाशी पाऊण तास गेला. बाबांनी तिथल्या स्वयंसेवकाला चाकाबद्दल इतके प्रश्न विचारले की आई आणि मी बाहेर बाकावर बसून घेतलं.
घरी आल्यावर मिरीच्या कानामागे एक गोचीड सापडली, आकड्याने फिरवून काढली. @झऱ्याकाठी, धन्यवाद. आई विचारतेय, रानलसणाच्या चटणीत शेंगदाणे चालतील का?

अन्नपूर्णेश्वर (६:४९)
चालतील. भाजून घ्या.

दुसरा चहा (७:२०)
टिंटर्नचे फोटो टाकलेत, वेगळा धागा काढला आहे.