मदत हवी आहे: चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या टॅरिफच्या बाजूने बोलायचंय आणि मलाच पटत नाहीये

मंडळी, शनिवारी वादविवाद आहे, चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि माझ्या नशिबी आलं "चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर टॅरिफ लावलं ते बरोबरच". आठवडाभर वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका पलीकडच्या बाजूला सरकतोय, असंच चाललं तर उभा राहून दोन मिनिटांत स्वतःलाच खोडायला लागेन.

आत्तापर्यंत जे कळलं ते लिहितो, चुकलं तर कान धरा. अमेरिकेने सप्टेंबर २०२४ पासून २५ टक्क्यांवरून थेट १०० टक्के केलं, ते कळायला सोपं आहे, दार लावून घेतलं, विषय संपला. पुढच्याच महिन्यात कॅनडानेही १०० टक्केच लावलं. डोकं फिरतं ते युरोपच्या बाबतीत. तिथे आधीचा १० टक्के आयातकर होताच, त्यावर ३० ऑक्टोबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी जास्तीचा कर, पण सगळ्यांना सारखा नाही! चिनी कंपन्यांपैकी बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८, एसएआयसीला ३५.३ आणि शांघायला बनलेल्या टेस्लाला फक्त ७.८. एकाच देशातून निघालेल्या गाड्या ना या? तोंड बघून भाव सांगितल्यासारखंच झालं की हे.

दुसरं म्हणजे जर्मनी. ज्यांचा गाड्यांचा धंदा वाचवायचा म्हणून एवढा खटाटोप, त्यांनीच युरोपीय देशांच्या ४ ऑक्टोबरच्या मतदानात विरोधात मत दिलं (१० बाजूने, ५ विरोधात, १२ तटस्थ). ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं आहे का हे, की मला काहीतरी दिसत नाहीये?

आणि समोरची मुलगी हुशार आहे, ती अमेरिका-जपानचं १९८१ चं, जपानी गाड्यांवर मर्यादा घातल्याचं प्रकरण काढणार हे नक्की. त्यावर काय बोलू? प्लीज मदत करा, लिंका नकोत, समजावून सांगा.

अर्धवटराव_२
पहिली गोष्ट, अमेरिकेचं वकीलपत्र घेऊ नका. तिथला १०० चा आकडा कुणाला किती सबसिडी मिळाली याचा हिशोब करून आलेला नाही, त्याची बाजू मांडायला गेलात की आपटणार. फक्त युरोपला धरून बोला.

युरोपचं जे आहे त्याला काउंटरव्हेलिंग ड्युटी म्हणतात. तत्त्व साधं आहे, तुझ्या सरकारने तुला जेवढा हात दिला तेवढंच आम्ही दारात वसूल करणार. ऑक्टोबर २०२३ ला चौकशी सुरू झाली, बीवायडी, गीली आणि एसएआयसी या तिघांना नमुना म्हणून निवडलं, स्वस्त कर्ज किती मिळालं, कारखान्याची जागा कमी भावात मिळाली का, बॅटरी बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाली का, करात किती सूट मिळाली, असं सगळं विचारलं. प्रत्येकाची बेरीज वेगळी आली म्हणून दर वेगळा. टेस्लाने आपला हिशोब स्वतंत्र करा म्हणून अर्ज केला होता, तो कमी निघाला. बाकी ज्यांनी सहकार्य केलं त्यांना २०.७ आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सरसकट ३५.३. म्हणजे तुम्हाला जो अन्याय वाटतोय तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, सरसकट शिक्षा नाही, ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या पदरात. (चीनला हे माप मान्य नाही, ते जागतिक व्यापार संघटनेकडे गेलेत, हेही माहीत असू द्या.)

कावेरी_म
जर्मनीचं मी सांगते. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज या तिघांचाही चीनमध्ये मोठा धंदा आहे, उद्या चीनने उलटा कर लावला तर पहिला फटका यांनाच. शिवाय बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक मिनी बनते चीनमध्ये, म्हणजे कर लागला तो घरच्याच गाडीला! चीननेही गप्प बसून घेतलं नाही, ब्रँडी, डुकराचं मांस, दुधाचे पदार्थ या सगळ्यांची चौकशी लावली. आता ब्रँडी म्हटल्यावर रोख कुणाकडे होता ते सांगायला नको, फ्रान्स या कराच्या बाजूने होता.

जुनाखोड
१९८१ ला घाबरू नका हो, ते तुमच्याच कामाचं आहे. जपानने अमेरिकेच्या दबावाखाली वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांचीच मर्यादा मान्य केली. मग काय झालं, होंडाने १९८२ पासून ओहायोमध्येच गाड्या बनवायला घेतल्या, टोयोटा १९८४ ला जनरल मोटर्सबरोबर कॅलिफोर्नियात उतरली. म्हणजे कुंपण घातलं आणि कारखाना कुंपणाच्या आत आला. आता बीवायडी हंगेरीत सेगेडला कारखाना उभारतेय, तेच बघा.

पण फार हुरळून जाऊ नका. तीच मुलगी म्हणेल की गाड्यांची संख्याच बांधून दिल्यावर जपान्यांनी जास्त नफ्याच्या, मोठ्या गाड्या पाठवायला सुरुवात केली, आणि ते खरं आहे. आणि "तात्पुरतं" टॅरिफ कसं चिकटून बसतं ते बघायचं तर अमेरिकेचा चिकन टॅक्स बघा, युरोपने कोंबड्यांवर कर लावला म्हणून यांनी १९६४ ला छोट्या ट्रकवर २५ टक्के लावला, कोंबड्यांचं भांडण लोक विसरले, कर अजून आहे. युरोपच्या कराला निदान पाच वर्षांची मुदत आहे, तेवढं ठासून सांगा.

तिरकस
सगळे बाजूनेच बोलताय म्हणून मी उलटं बोलतो. सबसिडी काढली तरी चिनी गाडी स्वस्तच राहील. बीवायडी १९९५ ला बॅटरीची कंपनी म्हणूनच सुरू झाली, बॅटरीचे सेल स्वतः बनवते, चिप स्वतः बनवते, बाकीचे बहुतेक बॅटरी विकत घेतात आणि गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. त्यात चीनच्या आतच एवढी दरकपात चाललीय की कमजोर कंपन्या आपोआप गळतायत. १७ टक्क्यांनी ही दरी बुजते का? आणि पैसे शेवटी गिऱ्हाईकच देणार ना. अजून एक भोक, हा कर फक्त पूर्ण बॅटरीवरच्या गाड्यांना आहे, प्लग-इन हायब्रिडला (चार्जही होते आणि इंजिनही असतं अशा गाडीला) नाही, त्यामुळे चिनी कंपन्यांनी युरोपात हायब्रिडचा जोर वाढवलाय. समोरची हे काढणारच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, आज जरा धीर आला. आता असं मांडतोय की टॅरिफ म्हणजे विजय नाही, पाच वर्षांची सवड आहे, तेवढ्यात युरोपने स्वतःची बॅटरी स्वस्तात बनवली नाही तर दोष कराचा नाही. तिरकस, तुमचं हायब्रिडचं भोक मी आधीच कबूल करून टाकणार.

एक शेवटचं. टॅरिफऐवजी किमान किंमत ठरवून द्यायची, त्याखाली विकायचं नाही, अशीही बोलणी युरोप-चीनमध्ये झाली ना? मग गाडी महाग तर होणारच, फक्त वरचे पैसे सरकारकडे न जाता चिनी कंपनीच्याच खिशात जाणार, असंच ना? की मी चुकतोय?

जुनाखोड
नाही चुकत. १९८१ ला नेमकं हेच झालं, गाड्या कमी, किंमत चढी, अमेरिकन सरकारला त्यातून दमडी नाही आणि नफा जपानी कंपन्यांना. तुमच्या बाजूला हे सोन्यासारखं आहे, किमान किमतीपेक्षा टॅरिफ बरं म्हणायला. तिला सुचायच्या आत तुम्हीच बोलून टाका.