मदत हवी आहे: कोड दिल्यामुळे हातचे गेलेले व्हॉट्सॲप खाते

नमस्कार. परवा रात्री माझ्या मावशीला तिच्या मैत्रिणीच्या खात्यावरून "चुकून माझा 6 अंकी कोड तुझ्या नंबरवर आला आहे, लगेच पाठव" असा निरोप आला आणि नाव व फोटो दोन्ही ओळखीचे असल्यामुळे तिने तो कोड पाठवून दिला. (ही मैत्रीण एरवी 'अगं' म्हटल्याशिवाय एक वाक्य लिहीत नाही, हे नंतर आठवले.) काही मिनिटांतच मावशीच्या फोनवरचे व्हॉट्सॲप बंद पडले आणि तिच्या नावाने नातेवाइकांकडे उसने पैसे मागणारे निरोप जाऊ लागले.

आम्ही त्याच नंबरवर एसएमएसने नवा कोड मागवून तो भरला, त्यामुळे भामटा खात्यातून बाहेर फेकला गेला, एवढाच दिलासा. परंतु त्याने दुहेरी पडताळणीचा पिन (एसएमएसच्या कोडनंतर ॲप विचारते तो स्वतः ठरवलेला गुप्त आकडा) आधीच लावून ठेवल्यामुळे ॲप आता 7 दिवस थांबायला सांगत आहे.

खाते परत मिळाल्यावर नवा पिन लावणे आणि जोडलेली उपकरणे तपासणे याखेरीज आणखी काय करावे? मधल्या काळात तिच्या गटांतील लोकांना एकेक फोन करण्याव्यतिरिक्त सावध करण्याचा काही मार्ग आहे का? मैत्रिणीचे खातेही बहुधा असेच गेले असावे, तिला कोठून सुरुवात करायला सांगावी? ज्यांनी हे निस्तरले आहे, त्यांनी कृपया सांगावे.